कुत्र्याला कुत्रा राहू दे, मांजराला मांजर

सातारा,
२० जून

प्रिय सोनू,


तुझं पत्र मिळालं. कुत्र्याचं पिल्लू आणल्याला महिना होत नाही तोवर जिन्याखाली सापडलेलं मांजराचं पिल्लूही उचलून आणलंस, म्हणून तुझी आई वैतागली आहे. मला मात्र मनापासून आनंद झाला. दोन्ही गावठी आहेत हे तर फारच चांगलं. आपल्या हवेत ती उत्तम तगतात. पुण्याच्या उन्हाळ्यात हस्की नाहीतर चपट्या नाकाचा पग धापा टाकताना पाहिला की मला त्याच्या हौशी मालकाचा राग येतो.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं ओळीने देते, पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की कर. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडले तेव्हापासून माझा जन्म जनावरांत गेला. दवाखान्यात आबाळ झालेले प्राणी यायचे, तसेच मायेपोटी आजारी पडलेलेही यायचे. घरच्यांचा जीव असायचा त्यांच्यावर, पण तो लावायचा कसा हे ठाऊक नसायचं. आपल्याला गोड लागतं ते त्याला भरवायचं, आपल्याला गुण येतो ती गोळी त्याला द्यायची, आपल्या मुलाला रागवावं तसं त्याला रागवायचं. माया तुझ्याकडे भरपूर आहे. आता ही दोन जनावरं काय आहेत, ते नीट शिकून घे.

पहिला प्रश्न कुत्र्याने चावलेल्या चपलांचा. तू लिहितेस, ‘मावशी, त्याला सगळं कळतं. मी दार उघडलं की कान पाडून कोपऱ्यात जाऊन बसतो.’ अगं, त्याला चपलेचं काही कळत नाही, तुझा चेहरा कळतो. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यापुढे खाऊ ठेवायचा, ‘खायचं नाही’ असं बजावून मालकाने खोलीबाहेर जायचं. तो परतल्यावर त्याला कधी खरं सांगायचं, कधी खोटंच सांगायचं की कुत्र्याने खाऊ खाल्ला. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा. खाऊ खाल्ला होता की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. उलट, ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचेच चेहरे जास्त पडले.

म्हणजे दुपारी चावलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी ओरडलीस, तर तो इतकंच शिकेल की तू घरी येणं धोक्याचं आहे. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याचे दुधाचे दात पडायला लागतील, तेव्हा हिरड्या शिवशिवतील आणि चावायला काहीतरी लागेलच. चपला कपाटात ठेव आणि त्याला चावायची खेळणी आण, गार गाजर दे. झोपून उठला, जेवला, खेळून थांबला की लगेच खाली ने आणि जागेवर शू केली की त्याच क्षणी शाबासकी दे. आणखी एक, तो गुरगुरला तर कधी मारू नकोस. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली, तर पुढे तो न सांगताच चावेल.

दुसरा प्रश्न मांजराच्या जुलाबांचा. दूध-पोळी ताबडतोब बंद कर. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या गोष्टींत शोभते, पण आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दूध पचवणारा रस पुरेसा राहत नाही. दुधातली साखर आतड्यात तशीच राहते आणि पोट बिघडतं. मांजराला गोड चवच लागत नाही. ती ओळखणाऱ्या जनुकांपैकी एक मांजरकुळात निकामी झालेलं आहे, हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. मांजर पुरतं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही, ते मांसमच्छीतूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय पसरतं. असं झालेलं हृदय टॉरिन दिल्यावर सुधारतं, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी सिद्ध केलं आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. म्हणून नुसत्या भात-पोळीवर मांजर पोसू नये, आणि कुत्र्याचं खाणं तर त्याला मुळीच चालत नाही. तुमच्या घरात मांसमच्छी शिजत नसेल तर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारं तयार खाणं आण आणि पाण्याची वाटी जेवणापासून लांब ठेव.

कुत्रा थोडं आपल्यासारखं जेवू शकतो, पण कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट त्याला विष आहे. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आमटी कालवलेला भात देताना आमटीत काय पडलं आहे ते आठवत जा. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणाही त्यात आलाच.

आता दोघांच्या भांडणाबद्दल. ती वैरी नाहीत, त्यांची भाषा वेगळी आहे. कुत्रा सैल अंगाने शेपूट हलवतो ते खुशीत, मांजर शेपूट झटकतं ते चिडल्यावर. कुत्रा पंजा उचलतो तो पुष्कळदा ‘चल, खेळू’ म्हणून, मांजराने पंजा उचलला की पुढे फटका असतो. शेपूट ताठ वर करून मांजर तुझ्याकडे आलं, तर ते तुला भेटायला येतंय. पोट दाखवून लोळलं, तर त्याचा तुझ्यावर विश्वास आहे. पोट चोळ असं ते म्हणत नसतं. दोघांना काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेव. एकाचं फडकं दुसऱ्याच्या अंथरुणाजवळ ठेव, म्हणजे आधी वासाची ओळख होईल. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवायला दे. समोरासमोर आणशील तेव्हा कुत्रा पट्ट्याने बांधलेला हवा आणि मांजराला चढायला उंच जागा हवी. कपाटावर बसलेल्या मांजराला प्रेमाने ओढून खाली आणू नकोस. तिथून दिसतंय सगळं, म्हणूनच ते शांत आहे.

हे पुढचं नीट वाच. मांजर आजार लपवतं. कळवळून ओरडणारं मांजर क्वचित, गप्प होऊन पलंगाखाली बसणारं नेहमीचं. घुरघुर करतंय म्हणजे मजेत आहे असंही समजू नकोस, दुखत असतानाही मांजर घुरघुरतं. माझ्याकडे एकदा एक बोका आणला होता. तो मातीच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसायचा, कुंथायचा आणि तसाच उठायचा. घरच्यांना वाटलं पोट साफ होत नाही, म्हणून त्यांनी एरंडेल पाजलं. मी पोटाला हात लावला तर तट्ट फुगलेलं मूत्राशय हाताला लागलं. लघवी अडली होती. नळी घालून ती मोकळी केली, बोका वाचला. आणखी एखादा दिवस गेला असता तर वाचला नसता. तुझं पिल्लूही बोकाच आहे. ट्रे रोज स्वतः साफ कर, ओल्या मातीचे गोळे किती आणि केवढे आहेत याकडे लक्ष ठेव. तो कुंथतोय आणि ट्रे कोरडा आहे असं दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टर गाठ. एक दिवस जेवला नाही तरी फोन कर. उपाशी मांजराच्या यकृतावर चरबी चढते आणि ते झपाट्याने खालावतं.

घरातली कुठलीही गोळी दोघांना देऊ नकोस. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करणारी यंत्रणा त्याच्या यकृतात फार तोकडी आहे. कुत्र्याच्या गोचिडांवरची काही औषधंही, विशेषतः पर्मेथ्रिन असलेली, मांजराला मारक आहेत. फरशी फिनेलने पुसत असशील तर तेही थांबव. पायाला लागलेलं ते चाटून पोटात जातं.

पावसाळा सुरू झाला आहे, म्हणून गोचिडांचं सांगते. रोज संध्याकाळी कुत्र्याला मांडीवर घे. कानाच्या पाळ्या उलटून बघ, बोटांच्या बेचक्यांत बघ, शेपटीखाली बघ. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढ, बोटांनी चिरडू नकोस, रॉकेल लावू नकोस. मग त्याचा ओठ वर करून हिरडी बघ. ती गुलाबी हवी. फिकट दिसली, ताप आला, जेवण सुटलं किंवा नाकातून रक्त आलं तर तो गोचीडताप असू शकतो. वेळेत औषध मिळालं तर बहुतेक कुत्री त्यातून बरी होतात. साचलेल्या पाण्यात त्याला खेळू देऊ नकोस. उंदरांच्या मुतातून लेप्टो नावाचा आजार पसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांत त्याची केवढी साथ आली होती! तो कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्यापासून आपल्यालाही.

प्राणी पाळण्यावर हरकत घेतली तरी सोसायटीच्या अध्यक्षांना घाबरू नकोस. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केलं आहे. पण आपली बाजू स्वच्छ हवी. महापालिकेचा परवाना काढ, जिन्यात पट्टा सोडू नकोस आणि खाली गेल्यावर त्याची घाण स्वतः उचल. सहा महिन्यांच्या सुमारास दोघांची नसबंदी करून घे. आपल्याकडे रस्त्यावर टाकलेली पिल्लं आधीच फार आहेत.

शेवटी लसी. यात चालढकल अजिबात नको. पार्वो हा आजार पिल्लांना रक्ताच्या जुलाबांनी दोन-तीन दिवसांत संपवतो, म्हणून कुत्र्याची पहिली लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात, आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत. मांजराला त्याची तीन आजारांवरची लस वेगळी. तीन महिने पूर्ण झाले की दोघांनाही रेबीजची, आणि ती पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना आयुष्यभर. कुत्र्याने चावलं किंवा मांजराने ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नकोस. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की त्यावर उपाय नाही. लस मात्र आहे, आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते.

येत्या सोमवारी दोघांना डॉक्टरांकडे ने, लसीचं कार्ड करून घे आणि पुढच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. कार्डाचा फोटो मला पाठव. आईला नमस्कार.

तुझी,
मावशी