काट्यावरचे शून्य

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. देताना कमी मापाने देणे आणि घेताना अधिक मापाने घेणे, असा त्याचा अर्थ. व्यापारी घरातील मुलाला हा अतिचार पोथीत वाचण्याआधी पेढीवरच कळतो. माल ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना, हे पाहण्याची सवय नजरेला आपोआप जडते. ही सवय मला वडिलांच्या आवाजातील जुन्या कॅसेट संगणकावर उतरवताना फार उपयोगी पडली.

भक्तामर स्तोत्र, काही स्तवने आणि पर्युषणातील प्रतिक्रमण असा तो ठेवा. वडील गेल्यानंतर त्यांतील एक कॅसेट शहरातील एका व्यावसायिकाकडे दिली होती. परत आलेल्या प्रतीत प्रत्येक उंच स्वर फाटलेला होता. अंकीय ध्वनिमुद्रणात शून्य म्हणजे छत. त्यापलीकडे गेलेली लहर कापली जाते आणि नंतर आवाज कितीही कमी केला तरी कापलेला भाग परत येत नाही. उलट फार खालच्या पातळीवर मुद्रण केले, तर पुढे आवाज वाढवताना यंत्राची खरखरही तेवढीच वाढते. म्हणून उरलेल्या कॅसेट घरीच उतरवायचे ठरवले.

अडचण अशी की, प्रत्येक यंत्राचे शून्य निराळे असते. स्टुडिओच्या उपकरणांची नेहमीची पातळी अधिक ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. घरगुती टेपडेकची उणे १० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. दोहोंत जवळजवळ १२ डेसिबेलचे, म्हणजे व्होल्टमध्ये सुमारे चौपटीचे अंतर. सराफ बाजारात आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुन्या हिशेबाचा तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा. शब्द एकच, वजन वेगळे. कोणता तोळा, हे आधी ठरले नाही तर दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही हिशेब चुकतो. यंत्रांचेही तसेच आहे.

म्हणून आधी काटा तपासला. संगणकातून एक संथ, एकसारखा सूर वाजवला आणि बाहेर येणारा दाब मल्टिमीटरने मोजला. साधे मल्टिमीटर उंच सुरांचा दाब नेमका दाखवत नाही, म्हणून सूर ६० हर्ट्झचा घेतला. मल्टिमीटरवर १.२३ व्होल्ट आल्यावर तोच सूर ऑडिओ इंटरफेसमध्ये परत घेतला आणि पडद्यावरील मीटर उणे २० दाखवीपर्यंत बटण फिरवले. डाव्या आणि उजव्या बाजूसाठी हे वेगवेगळे केले. आता त्या मीटरवरील आकड्याला अर्थ आला. याच मापाने टेपडेकची नेहमीची पातळी उणे ३२ च्या आसपास पडते. हा १२ डेसिबेलचा फरक इंटरफेसवरच भरून काढला.

टेपडेकवरील काट्याचा स्वभावही ओळखावा लागतो. व्हीयू मीटर हे माप १९३९ च्या सुमारास अमेरिकेतील नभोवाणी कंपन्या आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून ठरवले. त्याच्या काट्याला पूर्ण चढायला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तो आवाजाची सरासरी दाखवतो. स्तवनातील झांजेचा ठोका त्याआधीच येऊन जातो. काटा शून्याखाली शांत असतानाही तो ठोका कितीतरी डेसिबेल वर गेलेला असतो. छताखाली २० डेसिबेलची मोकळी जागा ठेवली ती यासाठी.

खरा प्रश्न शेवटच्या कॅसेटपाशी आला. ती वडिलांच्या आजारपणातील. आवाज क्षीण, श्लोकांमध्ये श्वास ऐकू येतो. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, ही इतरांच्या बरोबरीला आणू या. एका बटणाचे काम आहे.” ते खरेच होते. आई मात्र म्हणाली, “राहू दे. त्या वर्षी त्यांचा आवाज एवढाच होता.”

त्यावर आम्ही दोन प्रती केल्या. एक मूळ, पातळीला हात न लावलेली. दुसरी रोजच्या ऐकण्यासाठी, आवाज वाढवलेली आणि तशी स्पष्ट नोंद असलेली. माप बदलण्यात दोष नाही. बदललेले माप मूळ म्हणून पुढे करण्यात आहे.

मूळ प्रतींच्या आरंभी उणे २० पातळीचा १ किलोहर्ट्झचा सूर अर्धा मिनिट ठेवला आहे, सोबत चिठ्ठीही आहे. नातवंडांकडे उद्या कोणती यंत्रे असतील, सांगता येत नाही. त्या सुरावर त्यांनी आपले मीटर जुळवून घेतले, की आजोबांचा आवाज आमच्या काट्यावर जेवढा भरला, तेवढाच त्यांच्याही काट्यावर भरेल.