लोकर आणि गहू

माझे माहेर वेंगुर्ल्याचे. तिकडे लोकर म्हणजे कांबळे, आणि कांबळे म्हणजे पाऊस. लावणीच्या दिवसांत चिखलात ओणव्या झालेल्या माणसांच्या पाठीवर ते दिसे, आणि संध्याकाळी पडवीत वाळत टाकले म्हणजे त्याचा ओलसर, मेंढरासारखा वास घरभर भरून राही. लोकर थंडीसाठी असते हे मला केवळ पुस्तकांतून ठाऊक होते. पौषातल्या पहाटे आजी डोक्यावरून पदर घेई, एवढीच काय ती आमची थंडी. अशा मुलीला लग्न करून मुरारला आणले, आणि पहिल्याच डिसेंबरात सासूबाईंनी तिच्या हाती दोन सुया दिल्या.

मुरार हे ग्वाल्हेरचेच एक अंग. झाशीची राणी आपले अखेरचे दिवस लढत होती तेव्हा, १८५८ च्या जूनमध्ये, येथे लढाई झाली. इंग्रजांची छावणीही येथेच होती. ती आणि किल्ला १८८६ साली शिंद्यांना परत मिळाला, मोबदल्यात झाशी शहर इंग्रजांनी घेतले. ग्वाल्हेरची मराठी वस्ती मुख्यतः लष्कर भागात, जेथे शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला होता. आमचे घर मात्र मुरारच्याही पलीकडे, शेताच्या बांधाला लागून. १९५१ साली मध्य भारतात जमीनदारी आणि जहागिरी कायद्याने संपल्या, तेव्हा घराण्याकडचे बरेचसे गेले. राहिले ते पाच बिघे, म्हणजे अदमासे एक हेक्टर. त्यात गहू, मोहरी, घरापुरता हरभरा नि बटाटा. अर्धे रान बटाईने दिलेले असते. उरलेले आम्ही दोघे पाहतो.

सासूबाईंचे विणकाम मराठी होते आणि शेजारणींचे हिंदी. आपण ज्याला टाका म्हणतो त्याला त्या फंदा म्हणतात. बटाईदाराची बायको एकदा धावत आली नि म्हणाली, “जिज्जी, एक फंदा गिर गओ.” मला वाटले, कोणी तरी फास लावून घेतला! पाहते तो स्वेटराचा एक टाका गळून खाली चार ओळी उसवला होता. मराठीत वडीलधारी माणसे ‘या फंदात पडू नकोस’ असे बजावतात, ते मला त्या दिवसापासून विशेष पटू लागले.

कारण हा फंद मोठा अवेळी येतो. लोकर आणि गहू ही दोघे आमच्याकडे एकाच मोसमात माणसाला हाक मारतात. नोव्हेंबरच्या मध्याला गहू पेरला, की एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पहिले पाणी द्यावेच लागते. त्या वेळी रोपाच्या बुडाशी नवी मुळे धरत असतात. पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि ते नुकसान मागाहून कशाने भरून निघत नाही. मोहरीचे पाणी निराळे. आभाळ भरून आले की मोहरीवर मावा पडतो, तो पाहायला निराळे फिरायचे. रात्री नीलगायी येतात. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच मिळते, म्हणून मोटर चालवायची ती अकरा वाजता, धुक्यात. नेमक्या याच दिवसांत पारा चार-पाच अंशांवर उतरतो आणि घरातल्या प्रत्येकाला स्वेटर हवा असतो. ज्या मे महिन्यात शेत मोकळे नि हात मोकळे, त्या महिन्यात ४५ अंशांच्या वर ऊन. मांडीवर लोकर घेववत नाही, आणि घामेजल्या बोटांत सुई टाक्यातून सरकत नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत. तेथल्या बायका पाठीवर जळणाच्या पीटची टोपली घेऊन रानातून घरी येताना वाटेने विणीत चालत, याची जुनी छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. कमरेला भोके पाडलेला चामड्याचा पट्टा. एका सुईचे टोक त्यात रोवले की हातावरचा भार हलका होई. पुरुष मासेमारीला समुद्रावर, म्हणून शेत बाईकडे, आणि विणकाम हाही घरखर्चाचाच भाग. व्यापारी मात्र मोज्यांच्या आणि शालींच्या बदल्यात रोकड न देता चहा नि कापड देत. १८७२ साली याची सरकारी चौकशीसुद्धा झाली. ती छायाचित्रे पाहून लोक ‘किती सुंदर’ म्हणतात. मला त्या बायकांची पाठ दुखत असेल असेच आधी वाटते. त्यांच्यासारखे आपणही बांधावरून विणीत चालावे म्हणून मी एकदा प्रयत्न केला. वाफ्याच्या पाटात पाय गेला, आणि लोकरीचा गुंडा पाण्याबरोबर मोहरीपर्यंत जाऊन आला.

सासूबाईंची रीत अधिक शहाणपणाची होती. नक्षीचे काम त्या श्रावणात काढीत. बाहेर पाऊस, बाजरीला फारसे मागणे नाही. रब्बीत फक्त साधे सुलट-उलट, कोणत्याही क्षणी खाली ठेवता येईल असे. मात्र ओळ अर्धी टाकून उठायचे नाही. ओळी मोजायला दोन वाट्या. एक ओळ झाली की गव्हाचा एक दाणा एकीतून दुसरीत. मोहरी कापून हात खरखरीत झाले की लोकरीचे तंतू बोटांना अडकतात, तेव्हा साखर आणि तेल चोळून हात धुवायचे. आणि बाही नेहमी खांद्याकडून मनगटाकडे विणायची, म्हणजे मूल वाढले किंवा काठ झिजला तर खालून उसवून पुढे विणता येते. जुना स्वेटर उसवला की लोकर कुरळी निघते; तिच्या लड्या करून कोमट पाण्यात बुडवायच्या आणि खाली तांब्या बांधून दोरीवर टांगायच्या. आमच्या मागच्या अंगणात असे तांबे पुष्कळ लोंबले आहेत.

एवढे शिकूनही मी चुकले. मुलगी मडगावला दिली आहे. तिला मुलगा झाला आणि मला वेड लागले. दोन हिवाळे मी त्या नातवासाठी विणीत होते. टोपडी, मोजे, दुलई, पिवळ्या लोकरीचा पुढून बंदांचा स्वेटर. नक्षीही घातली, तीही रब्बीत, सासूबाईंचा नेम मोडून. मडगावात लोकर घालायची तरी केव्हा? मुलीने एकदा फोटो पाठवला. बाळ स्वेटर घालून बसले होते; खोलीत एसी लावला होता, फोटोपुरता. बाकी सारे डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवल्याचे तिने मागाहून सांगितले. मला वाईट वाटले नाही. मी आणखी एक टोपडे घातले.

त्या जानेवारीत पाला पडू लागला. दव गोठते त्याला इकडे पाला म्हणतात. तो पडला की बटाट्याचा पाला एका रात्रीत काळा होतो. त्यावर उपाय म्हणजे शेताला हलके पाणी द्यायचे आणि वाऱ्याच्या बाजूला धूर करायचा. हे सलग चार रात्री शेतात होते. पाचव्या दिवशी ताप भरला, आणि सातव्या दिवशी दवाखान्यात न्यूमोनिया सांगितला.

डॉक्टरांनी छाती तपासायला स्वेटर काढायला सांगितला. मी बाही ओढली, आणि कोपर माझ्यासमोर आले. ते फाटले होते आणि शिवले होते. काळ्या सुतळीने, पोती शिवायच्या दाभणाने, ओबडधोबड टाके. कधी शिवले मला ठाऊक नाही. घरात विणणारी बायको असता हा माणूस रात्री केव्हा तरी खाटेवर बसून, माझ्या हातात पिवळी लोकर आहे हे पाहून, दाभण घेऊन बसला असेल. मी विचारले, “सांगितले का नाही?” हे म्हणाले, “तू कामात होतीस.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

वाचकांना वाटेल, त्याच रात्री मी नवा स्वेटर घातला असेन. तसे झाले नाही. गव्हाचे पाणी थांबत नव्हते. यांना उठायची मनाई. बटाईदार आणि मी मिळून मोटर पाहिली, बारे दिले. जुन्याच स्वेटरावर शाल गुंडाळून यांनी तो हिवाळा काढला. माझ्या सुया मार्च उलटेपर्यंत डब्यात होत्या. एप्रिलात गहू कापला, मळला, दाणा घरात आला, भुसा रचला, आणि मग वैशाखात, लू वाहत असताना, मी गडद तपकिरी रंगाचे टाके घातले. दाराला खसाची ताटी, तिच्यावर पाणी, मानेवर ओला पंचा, सुयांना टाल्कम पावडर. नातवाची दुलई आठवड्यात झाली होती. हा स्वेटर आषाढापर्यंत चालला. कोपराशी लोकर दुहेरी घेतली. मापासाठी यांच्या अंगाला लावला, तर हे हसू लागले. “मे महिन्यात मला भट्टीत घालतेस काय?” म्हणून त्यांनी हात पुरता सरळ केलाच नाही, आणि माझा अंदाज चुकला.

यंदा गव्हाच्या पहिल्या पाण्याला तो अंगात होता. पहाटे हे परत आले तेव्हा छाती कोरडी, कोपरे शाबूत, पण बाह्या दोन बोटे लांब असल्यामुळे पाट फोडताना दोन्ही काठ चिखलात भिजलेले. बाह्या खांद्याकडून विणल्या आहेत, तेव्हा खालून दोन बोटे उसवून काठ पुन्हा घालणे हे एका दुपारचे काम. परंतु परवा मोहरीचे दुसरे पाणी आहे, आणि हे तो स्वेटर उतरवायला तयार नाहीत. तूर्त बाह्या दुमडून दोन टाचण्या लावल्या आहेत.