हर्झेनच्या सोबतीने

विचारवंत आयझाया बर्लिन यांनी बाराव्या वर्षी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. तिच्यात बोल्शेविक अधिकारी उरित्स्की येतो. हेतू साधायचा तर कोणताही मार्ग चालतो, असे मानणारा हा माणूस शेवटी गोळीला बळी पडतो. साल होते १९२२. रिगामध्ये जन्मलेले बर्लिन आदल्याच वर्षी आईवडिलांबरोबर इंग्लंडला आले होते. १९१७ मध्ये पेट्रोग्राडच्या रस्त्यावर जमाव एका पोलिसाला फरफटत नेताना त्यांनी पाहिले होते. त्या दृश्याने हिंसेची जी धास्ती बसली, ती जन्मभर गेली नाही.

पुढे ते ऑक्सफर्डला विचारांच्या इतिहासाकडे वळले आणि १९३० च्या दशकात लंडन लायब्ररीत त्यांच्या हाती अलेक्झांडर हर्झेन लागला. हर्झेन (१८१२–१८७०) रशिया सोडून आलेला लेखक. लंडनमध्ये तो 'कोलोकोल' हे पत्र छापी आणि त्याचे अंक चोरवाटांनी रशियात पोचत. १८४८ च्या क्रांत्या फसल्यावर त्याने एक रोखठोक प्रश्न विचारला होता: उद्याच्या पिढ्या सुखी व्हाव्यात म्हणून आजच्या जित्याजागत्या माणसांचा बळी द्यायचा हक्क कोणी कोणाला दिला? बर्लिन यांना लहानपणापासून छळणारा प्रश्न इथे रशियन गद्यात लख्ख मांडलेला होता. हर्झेनने मग त्यांची साथ सोडली नाही.

या प्रश्नाची धग त्यांना पुन्हा जवळून जाणवली, ती १९४५ च्या नोव्हेंबरात लेनिनग्राडमध्ये. ब्रिटिश वकिलातीच्या कामावर असताना ते कवयित्री आना आख्मातोव्हा यांना भेटले. खोलीत एक लहान टेबल, तीन-चार खुर्च्या, भिंतीवर चित्रकार मोदिल्यानीने काढलेले आख्मातोव्हांचे रेखाचित्र. रात्रभर बोलणे चालले. मध्येच आख्मातोव्हांचा मुलगा आला, तेव्हा घरात होते तेवढे उकडलेले बटाटे तिघांनी वाटून खाल्ले. पुढच्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाने आख्मातोव्हांवर जाहीर हल्ला चढवला आणि लेखक संघातून त्यांना काढून टाकले.

बर्लिन यांचे शोधनिबंध वाचताना हे सारे लक्षात ठेवावे लागते. १९५१ मध्ये 'ऑक्सफर्ड स्लाव्होनिक पेपर्स'मध्ये त्यांनी टॉलस्टॉयच्या इतिहासदृष्टीवर लिहिले. दोन वर्षांनी तोच निबंध वाढवून पुस्तक झाले. प्रत्येक माणसाचे वेगळेपण अचूक टिपणारा टॉलस्टॉय आयुष्यभर सगळ्याला लागू पडेल असे एकच सत्य शोधत राहिला, ही त्यातली मांडणी. १९५५ मध्ये हर्झेन आणि अराजकवादी क्रांतिकारक बाकुनिन यांना समोरासमोर ठेवून त्यांनी दाखवले की, स्वातंत्र्याची घोषणा दोघेही देत, पण माणसांची खरी काळजी हर्झेनला होती.

१९७० च्या ऑक्सफर्ड व्याख्यानात ते कादंबरीकार तुर्गेन्येव्हकडे वळले. 'पिता-पुत्र' कादंबरीनंतर तुर्गेन्येव्हवर जुने आणि तरुण दोघेही तुटून पडले होते. आपला माणूस कोणालाच न वाटणाऱ्या या लेखकाची बाजू बर्लिन यांनी मोठ्या जिव्हाळ्याने मांडली. विखुरलेले हे निबंध संपादक हेन्री हार्डी आणि आयलीन केली यांनी १९७८ मध्ये 'रशियन थिंकर्स' या ग्रंथात एकत्र आणले. नाटककार टॉम स्टॉपर्ड यांना त्यातून नाट्यत्रयी सुचली आणि २००२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये हर्झेन, बाकुनिन, तुर्गेन्येव्ह एकमेकांशी वाद घालू लागले.