पहिला आणि तिसरा शनिवार

आमच्या टीममधल्या एका मित्राच्या कॅलेंडरवर दर महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार सहा वर्षं ब्लॉक होता. सकाळी अकरा ते एक. रिलीज असो, नाहीतर क्लायंट अमेरिकेहून आलेला असो, ते दोन तास मिळणार नाहीत. नव्या मॅनेजरला वाटायचं, याने कुठलातरी क्लास लावलाय. प्रत्यक्षात हा कुटुंब न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, छोट्याशा खुर्चीवर बसून मुलीबरोबर सापशिडी खेळत असायचा. (त्याला विचारूनच लिहितोय. नावं नकोत, एवढीच अट.)

घटस्फोट परस्परसंमतीने झाला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. कन्सेंट टर्म्सप्रमाणे कस्टडी आईकडे आणि बापाला ॲक्सेस महिन्यातून दोनदा, तोही कोर्टातच. (तिथे सगळे 'ॲक्सेस'च म्हणतात.) तेव्हा ते ठीकच होतं. ती आईला सोडून राहायची नाही आणि याला साधी वेणी घालता यायची नाही. पण मग ती नऊ वर्षांची झाली. शनिवारी फुटबॉल सुरू झालं. एकदा म्हणाली, "बाबा, आपण इथेच का भेटतो? तुला घर नाहीये का?"

आपला समज असा, की सही केली, डिक्री झाली, विषय संपला. तसं नसतं. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ प्रमाणे मुलांबद्दलचे आदेश कोर्ट डिक्रीनंतरही वेळोवेळी बदलू शकतं, आणि शक्य तिथे मुलांची इच्छा बघून. रोझी जेकब खटल्यात १९७३ साली सुप्रीम कोर्टाने तर स्पष्टच म्हटलं, की ताब्याचे आदेश मुळातच तात्पुरते असतात, अगदी संमतीने झालेले असले तरी. परिस्थिती बदलली की मुलाच्या हितासाठी तेही बदलता येतात, आणि काळ पुढे सरकणं हाही त्या बदलाचाच भाग. मला हे फार आवडलं. मुलं मोठी होतात हे कायद्यालाही ठाऊक आहे तर!

मित्राने अर्जाचा पहिला मसुदा स्वतःच लिहिला. चार पानं. माझा हक्क, हुकलेले वाढदिवस, तिच्या चुका. वकीलबाईंनी शांतपणे साडेतीन पानं खोडली. म्हणाल्या, "तुमच्यावर काय अन्याय झाला ते राहू दे. मुलीचा आठवडा लिहा." मग शाळेची वेळ, मॅच, परीक्षा, याच्या घरी ती कुठे झोपेल, याला मीटिंग असली तर घरी कोण असेल, असं सगळं आलं. रिक्वायरमेंट युजरची लिहायची असते, ही गोष्ट आम्हाला ऑफिसात रोज कळते. असो.

समोरून 'से' आला. कडाडून विरोध. मुलीला दमा आहे, रात्री कधीकधी पंप लागतो, एक रात्रही ती बाहेर झोपलेली नाही. मित्र भडकला. मला मात्र तो से वाचून त्या बाईंचं पटलं. सहा वर्षं रात्री जागून काढलेल्या माणसाला एवढी भीती वाटणारच.

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ प्रमाणे कोर्टाने आधी तडजोडीचा प्रयत्न करायचा असतो आणि त्यासाठी तिथे समुपदेशक असतात. त्या मुलीशी एकटीशी बोलल्या. मुलीच्या दोनच मागण्या होत्या: मॅच चुकवायची नाही, आणि बाबाकडे राहिले तर झोपताना आईला फोन. चार पानी मसुद्यात हे नव्हतं आणि 'से'मध्येही नव्हतं.

आठ महिने आणि बऱ्याच तारखांनंतर आदेश झाला. आधी तीन महिने, महिन्यातून दोन रविवार, दिवसभर बापाच्या घरी. मग महिन्यातून एक रात्र, मॅच झाल्यावर. सगळं नीट चाललं तर पुढच्या वर्षापासून निम्मी सुट्टी. मला हे चिंगूस वाटलं. मित्राला नाही. तो आदेशाच्या दुसऱ्याच दिवशी मुलीच्या डॉक्टरांकडे जाऊन पंप कसा द्यायचा ते शिकून आला.

पहिल्या रात्री नऊला आईला फोन झाला, दहाला पुन्हा, साडेदहाला आईचाच आला. पुढच्या महिन्यात एकदाच. तिसऱ्या महिन्यात आईचा मेसेज आला: पंप संपत आलाय, येताना नवा आणशील का?