फ्रायबुर्गला निघताना

चंद्रपूर,
२ सप्टेंबर

चि. छकुलीस,


व्हिसा आल्याचं तुझ्या आईनं रात्रीच कळवलं. आनंदाचं बोलून होतं न होतं तोच तिनं विचारलं, "तिकडे थंडी किती, उन्हाळा किती, पोरीला द्यायचं तरी काय?" फोनवर सगळं सांगून होईना, म्हणून लिहायला बसले. तुझ्या दादाकडे जर्मनीत कार्ल्सरुहेला मी हिवाळाही काढला आहे आणि उन्हाळाही. तुझं फ्रायबुर्ग त्याच ऱ्हाइनच्या खोऱ्यात, थोडं दक्षिणेला. त्यामुळे हवेबद्दल सांगते ते ऐकीव नाही.

सुरुवात मोठ्या बॅगेपासून करू नकोस, हातातल्या बॅगेपासून कर. बाबासाहेब १९१७ साली परदेशातून परतले, तेव्हा त्यांचं सामान वेगळ्या जहाजानं येत होतं. महायुद्ध चालू होतं. ते जहाज बुडवलं गेलं आणि त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. आपल्या चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १६ ऑक्टोबरला आपण दर वर्षी जातो, तेव्हा मला ती पुस्तकंही आठवतात. आज जहाज बुडत नाही, पण विमान बदलताना बॅग मागे राहते आणि दोन-चार दिवसांनी येते. म्हणून जे पुन्हा मिळणार नाही ते अंगाजवळ हवं. पासपोर्ट, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र, विम्याचा कागद, ब्लॉक्ड खात्याचा नाहीतर शिष्यवृत्तीचा कागद, राहण्याच्या जागेचा करार. तिथे घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिथून पुढे बँक, निवास परवाना सगळं त्या नोंदणीवर चालतं. जात वैधता प्रमाणपत्राची मूळ प्रत मात्र नेऊ नकोस. ती किती हेलपाट्यांनी मिळाली ते तुझ्या बाबांना विचार. ती घरी राहू दे, तू स्कॅन ने. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, मोठ्या बॅगेत चालत नाहीत. कपड्यांचा एक जोडही त्याच बॅगेत असू दे.

आता ज्या कागदाबद्दल कुठलीही यादी तुला सांगणार नाही, तो. तुझा सिकलसेलचा रिपोर्ट. आपल्या जिल्ह्यांत हा आजार घरोघरी माहीत आहे, तिथल्या साध्या दवाखान्यात तो क्वचित दिसत असेल. तू एएस, म्हणजे वाहक आहेस. तुला रोजचा त्रास नाही, पण डॉक्टरला ते ठाऊक असलं पाहिजे. रिपोर्ट इंग्रजीत करून घे, रक्तगटासह. आणि तुझ्यासोबत आपल्याकडचं एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं कोणी तिकडे जात असेल तर त्याला माझा निरोप दे, की थंडी आणि कमी पाणी पिणं या दोन्हींनी दुखणं उठतं. हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून पाणी टाळायचं नाही.

दुसरं, हिवतापाचं. महाराष्ट्रात हिवतापाचा सगळ्यात जास्त भार आपल्या गडचिरोलीवर. त्यातला एक प्रकार यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. तिकडे डिसेंबरात ताप आला तर समोरच्या डॉक्टरच्या मनात फ्लू येईल. तू पहिलं वाक्य हेच बोल, की मी मलेरियाच्या भागातून आले आहे, रक्त तपासा. हे वाक्य जर्मनमध्ये लिहून पाकिटात ठेव. हे मी हात जोडून सांगते. औषधं नेशील ती स्वतःपुरती, तीन महिन्यांच्या आत संपतील एवढीच, डॉक्टरच्या चिठ्ठीसह आणि मूळ वेष्टनात.

कपड्यांचं तुझ्या आईच्या मनात आहे की जाडजूड काहीतरी घ्यावं. तिला समजाव. तिथे बाहेर शून्याच्या आसपास आणि खोलीत वीस-एकवीस अंश. ट्राममध्ये शिरलं की गरम, उतरलं की गार. एकच जाड स्वेटर असला की माणूस आत घामेजतो आणि बाहेर त्याच घामानं काकडतो. म्हणून पातळ थर. अंगालगत थर्मल, त्यावर पूर्ण बाह्यांचं काही, त्यावर लोकरीचं, सगळ्यावर वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट. काढता-घालता येईल असं. थर्मलचे दोन जोड आणि लोकरीचे मोजे इथूनच घे. चंद्रपुरात थंडीत तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात, पण तू त्याआधीच निघतेस. जमलं तर गोठणगावच्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत कोणाकडे काही मिळतं का बघ, अर्जुनी मोरगाव वडश्यावरून जवळ आहे. १९७२ पासून ती माणसं इथे आहेत. बर्फातून उठून आपल्या उन्हात राहायला शिकली. तुझा प्रवास उलट्या दिशेचा. वरचं जाकीट मात्र तिथेच घे. आपल्याकडे मिळतात ती फुगीर दिसतात, पण भिजतात. तिथे वापरलेल्या कपड्यांची चांगली दुकानं असतात, विद्यार्थी तिथूनच घेतात.

नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि थंडी बाधते, म्हणून आनंदीबाई जोशींनी अमेरिकेत गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. १८८३ साली नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडलेली मुलगी, आणि तिला तेवढ्यासाठीही कारण द्यावं लागलं. चार वर्षांत ती गेली. तू जीन्सखाली थर्मल घाल, टोपीनं कान झाक, कोणाला कसलं कारण देऊ नकोस. आजी काही म्हणाली तर मी बघेन.

उन्हाळ्याकडे दुर्लक्ष करू नकोस. लोकांना वाटतं युरोप म्हणजे गारच. चंद्रपूरचा पारा ४७ च्या पुढे जाताना आपण पाहिला आहे, म्हणून ३५ अंश ऐकून तू हसशील. पण तिथल्या घरांत पंखाच नसतो. भिंती थंडी अडवायला बांधलेल्या, त्या उष्णताही धरून ठेवतात. फ्रायबुर्ग तर जर्मनीतल्या उबदार आणि भरपूर उन्हाच्या शहरांतलं एक. तुझे दोन सुती कुर्ते आणि मोठा सुती दुपट्टा ने. दुपट्टा तिन्ही त्रिकाळ कामाला येतो. उन्हात डोक्याला, विमानात पांघरायला, थंडीत गळ्याभोवती. आणि वसंतात त्याच शहरातून वर फेल्डबर्गच्या डोंगरावर गेलीस, तर १४९३ मीटरवर बर्फ असू शकतो. एका दिवसात दोन ऋतू बघायला मिळतील.

बूट. जंगलाच्या अभ्यासाला निघालीस, तुला जंगलात फिरायचं आहे, तेव्हा घोट्यावर येणारे, न भिजणारे, आणि इथेच पंधरा दिवस घालून पायाला बसवलेले. विमानात तेच पायात घाल, बॅगेचं वजन वाचतं. श्वार्झवाल्डच्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो. फिकट रंगाच्या दोन पूर्ण लांबीच्या पँट ने, फिकट कापडावर गोचीड लगेच दिसते. त्या मेंदूज्वराची लस तिथेच घ्यायची, पहिल्याच महिन्यात विचार.

खाण्याचं थोडक्यात सांगते. तूप, खवा, पेढे, मांस, सुकी मासळीसुद्धा नको. भारतातून युरोपात दूध आणि मांस यांचं काही नेऊ देत नाहीत. मासळीचे नियम वेगळे आहेत, पण तिच्या वासानं सगळे कपडे जातील. सुकं खोबरं मोठ्या बॅगेत घालू नकोस, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि बॅग उघडायला लावतात. जवसाची चटणी, तिखट, हळद, धणेपूड, थोडी चारोळी, एवढं पुरे. लहान कुकर ने, सपाट बुडाचा, शिट्टी आणि जादा रबर धरून. तांदळानं बॅग भरू नकोस, तांदूळ तिथे सगळीकडे मिळतो. आपला एचएमटी मिळणार नाही, हे खरं. नागभीडच्या नांदेड गावात दादाजी खोब्रागडेंनी पटेल वाणाच्या शेतातून वेगळ्या लोंब्या वेचून तो उभा केला, जेमतेम तिसरी शिकलेल्या माणसानं. पहिल्या मेजवानीसाठी एक किलो नेलास तर मी अडवणार नाही. चार्जरचं म्हणशील तर वीज तिथेही २३० व्होल्टचीच. आपली बारीक दोन पिनांची बसते, तीन पिनांची बसत नाही.

एक गोष्ट तू न विचारता करशील, म्हणून आधीच लिहिते. सागाच्या, मोहाच्या बिया, आलापल्लीची माती, मोरपीस, यांतलं काही बॅगेत घालू नकोस. माती आणि बियाणं तिकडे अडतं, मोरपीस आपल्याच विमानतळावर अडतं. जैविक नमुने संशोधनासाठी बाहेर न्यायचे तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली परवानगी लागते, आणि ते बरोबरच आहे. या जंगलातून न विचारता पुष्कळ नेलं गेलं आहे. ज्यानं सागाचा हिशेब मांडायची पद्धत बसवली, तो ब्रँडिस जर्मनच. १८६४ मध्ये तो हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. कार्य आयोजना, कूप, मार्किंग, हे जे शब्द तू वनपाल काकांच्या तोंडून लहानपणी ऐकलेस, त्यांचं मूळ तुला तिथल्या वर्गात भेटेल.

ब्रँडिसच्या शेजारी ठेवायला तू काय नेतेस, याचा मी बराच विचार केला. तुमच्या ग्रामसभेचा सामूहिक वनहक्काचा दावा आणि हातानं काढलेला हद्दीचा नकाशा, यांची प्रत ने. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरचा हक्क मिळाला आणि २०११ पासून बांबू गावानं स्वतः विकला, त्याचे कागदही मिळव. तिथले प्राध्यापक ब्रँडिस ओळखतात. देवाजी तोफांचं हे गाव त्यांना तुझ्याकडून कळू दे. भेटवस्तू म्हणून चिचपल्लीच्या बांबू केंद्रातलं काहीतरी लहान, वाळलेलं आणि पॉलिश केलेलं घे.

वजनाचं तिकिटावर नीट वाच. बहुतेक २३ किलोच्या एक किंवा दोन बॅगा असतात आणि हातातली ७-८ किलोची. बॅगेच्या आत आधी मोठी प्लास्टिकची पिशवी घाल आणि मग कपडे. भामरागडला असताना पावसाळ्याआधी आम्ही शाळेचं दप्तर असंच बांधायचो. तिकडे तांदूळ, मीठ, तेल, काडेपेट्या चार महिन्यांच्या एकदम भरून ठेवाव्या लागत. दुकानात पाय न ठेवता महिने काढलेली माणसं आहोत आपण. त्या मानानं तुझ्या खोलीपासून दुकान चालत जाण्याएवढं जवळ असेल, म्हणून महिनाभराची भीती बॅगेत कोंबू नकोस. पहिल्या आठवड्यापुरतं भर.

निघण्याचा दिवस मात्र तिकिटाच्या तारखेवरून ठरवू नकोस. सप्टेंबरचा शेवट म्हणजे पाऊस संपलेला नसतो. इंद्रावती फुगली की पर्लकोटा नदीचं पाणी मागे तुंबतं आणि तुमच्याकडचा रस्ता बंद होतो. चार दिवस आधी निघ, चंद्रपूरला माझ्याकडे राहा. वजनकाटा घरात आहे. बॅग इथे पुन्हा उघडू, जास्तीचं काढू, मग मी आणि तुझे काका तुला नागपूरला सोडू. आलापल्ली मागे टाकलीस की फोन कर, रेंज तिथून नीट मिळते.

तुझी,
मावशी