घोट, श्वास, घोट

"लेकरू दूधच नाही ओढत, मॅडम." तान्हं बाळ घेऊन आलेली आई बहुधा याच वाक्यानं सुरुवात करते. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, तेही ठरलेलं: "मलेच दूध नाही." पहिलं वाक्य खरं असतं. दुसरं बहुतेक वेळा खरं नसतं. पण सासरी, शेजारी, कधी दवाखान्यातही ते तिला इतक्यांदा ऐकवलेलं असतं की तिनं ते मुकाट्यानं मान्य करून टाकलेलं असतं. माझ्या कामाचा अर्धा भाग बाळासाठी असतो आणि उरलेला हे दुसरं वाक्य त्या आईच्या डोक्यातून काढण्यासाठी.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नागपूरला शिकले आणि पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतल्या बाळांबरोबर काम करू लागले. आमच्या विषयाचं नाव घेतलं की लोकांना लकवा मारलेला हात आठवतो. 1950 साली कमला निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं, तेव्हापासून आमची ओळख मोठ्या माणसांच्या पुनर्वसनाशी जास्त जोडली गेली. पण रोजची कामं माणसाला करता यावीत, हे आमच्या विद्येचं मूळ. तान्ह्या बाळाचं रोजचं काम कोणतं? पिणं. दिवसातून आठ-दहा वेळा, सगळं बळ पणाला लावून ते हे एकच काम करत असतं. ते जमलं नाही तर वजन थांबतं, झोप बिघडते, आईशी नजर जुळत नाही, आणि घरातलं प्रत्येक माणूस धास्तावतं.

दूध पिणं वाटतं तितकं सोपं नसतं. चोखायचं, गिळायचं आणि श्वास घ्यायचा, ही तीन कामं एका लयीत बसावी लागतात. पोटातलं बाळ बऱ्याच आधीपासून पाणी गिळत असतं, बोटही चोखतं. तरी या तिन्हींचा मेळ बसायला साधारण चौतिसावा आठवडा उजाडतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला भूक लागते, तोंडही उघडतं, पण घोट आणि श्वास एकमेकांच्या आड येतात. ठसका लागतो, ओठांभोवती निळसर झाक येते, आणि दोन मिनिटांत ते थकून झोपी जातं. बघणाऱ्याला वाटतं, पोट भरलं.

धानोरा तालुक्यातल्या एका पहिलटकरणीचं बाळ असंच होतं. सातव्या महिन्यात झालेलं, बरेच दिवस काचेत ठेवलेलं, नळीनं दूध दिलेलं. घरी सोडताना वजन दीड किलोच्या थोडं वर होतं. घरी गेल्यावर ते वाढेना, म्हणून आशाताई दोघांना घेऊन आली. आई, बाळ, आजी आणि आशाताई, चौघं एसटीनं. बाळाचा बाप आला नव्हता. त्याची रोजी बुडाली असती.

मी आधी काहीच सांगितलं नाही. "घरी पाजता तसं पाज," एवढंच म्हटलं आणि शेजारी जमिनीवर बसले. आईनं मांडी घातली, बाळ आडवं घेतलं. त्याचं पोट छताकडे आणि मान मात्र आईकडे वळलेली. तुम्ही मान खांद्याकडे पूर्ण वळवून पाण्याचा घोट घेऊन बघा, म्हणजे त्या बाळाची अडचण कळेल. हात दोन्ही बाजूंना सुटे, पाय ताठ. त्यानं तीन-चारदा चोखलं, मग बोटं पंख्यासारखी पसरली, भुवया वर गेल्या, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. आईनं घाबरून डोकं मागून दाबलं. बाळानं मान मागे टाकली. आजी म्हणाली, "पाहा. नाहीच पेत."

बोटं पसरणं, भुवया वर जाणं, दूध ओघळणं, मान मागे टाकणं: बाळ बोलतच होतं. थांब, मला श्वास घेऊ दे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. दूध किती गेलं हे सगळे विचारतात. बाळ पितं कसं, हे कोणी बसून बघत नाही, कारण बघायला वेळ लागतो आणि वॉर्डात तेवढा वेळ कोणालाच मिळत नाही. यात कुणा नर्सताईला दोष नाही. तिच्याकडे एका वेळी किती बाळं असतात ते मी रोज बघते.

मी आईला भिंतीला टेकवून बसवलं. बाळाला जुन्या मऊ लुगड्यात सैलसर गुंडाळलं. गुडघे पोटाकडे, दोन्ही हात छातीशी, तोंडाजवळ. मग त्याला पूर्ण कुशीवर वळवलं, आईच्या पोटाला पोट लावून. डोकं दाबायचं नाही, मानेच्या मुळाशी तळहाताचा आधार. दुसऱ्या हातानं स्तन खालून तोलायचा, आणि त्याच हाताचा अंगठा व पहिलं बोट पुढे आणून बाळाच्या गालांना आणि हनुवटीला हलका टेकू द्यायचा. कमी दिवसाच्या बाळाच्या गालात चरबी नसते, जबडा डगमगतो. तो टेकू मिळाला की पकड सुटत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: चार-पाच घोट झाले की आपण होऊन थांबायचं. बाळ पुन्हा तोंड हलवेपर्यंत वाट बघायची.

त्यानं पाच घोट घेतले. आई थांबली. बाळानं एक लांब श्वास घेतला आणि पुन्हा शोधायला लागलं. ती माझ्याकडे बघून काही बोलली नाही, आशाताईला गोंडीत काहीतरी म्हणाली. आशाताईनं सांगितलं, "म्हणते, गिळल्याचा आवाज येते."

त्या एका बैठकीत सगळं बदललं नाही. बाळ अजून थकत होतं, म्हणून थोडं अंगावर आणि उरलेलं पिळून काढलेलं दूध वाटी-चमच्यानं द्यायचं ठरलं. चमचा तोंडात ओतायचा नाही. खालच्या ओठाला टेकवायचा आणि बाळाला स्वतः जिभेनं ओढू द्यायचं. बाटली नको. मधल्या वेळात बाळ उघड्या छातीवर, दोन्ही अंगांची ऊब एकमेकांना लागेल असं. ही कांगारू पद्धत 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इनक्युबेटर अपुरे पडत होते म्हणून सुरू झाली. आमच्याकडेही कारण तेच आणि उपाय तोच. पदर आणि लुगडं असलेल्या घरात ती रुजवायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

खरी अडचण पुढे असते. पुस्तकात लिहिलेलं असतं, आठवड्यातून तीनदा थेरपी. पण कोरची किंवा एटापल्लीच्या आतल्या गावातून आठवड्यातून तीनदा कोण येणार? रोवणा सुरू झाला की आई चिखलात, मोहफुलं गळायला लागली की पहाटेपासून जंगलात, मग तेंदूपत्ता. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. म्हणून मी शिकले ते असं की एका भेटीत जे घरी नेता येईल तेवढंच शिकवायचं, आणि ते आईएवढंच आजीलाही शिकवायचं. बाळ दिवसभर तिच्याजवळ असतं.

आजी कधी अडसर असते, कधी तीच माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. पाय लांब करून बसायचं आणि बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं असतं. बाळ तिच्या मांड्यांच्या खोबणीत बसतं, डोकं थोडं वर, कंबर वाकलेली, चेहरा समोर. मी विदेशी पुस्तकात उशा रचून दाखवलेली जी स्थिती शिकले, ती ही. धानोऱ्याच्या त्या आजींना मी म्हटलं, "आजी, न्हाऊ घालता तसंच बसा, फक्त आज चमच्यानं दूध पाजू." तिच्या हाताला ते लगेच जमलं. मग तीच सुनेला सांगू लागली. मला न पटणाऱ्या गोष्टी तिथेच बोलता येतात: नाकात-कानात तेल नको, पाय धरून उलटं लटकवणं नको, चीक फेकून देणं तर मुळीच नको, सहा महिने घुटीही नको. हातून काही काढून घेण्याआधी हातात काही दिलं असेल, तर आजी ऐकते.

आणि ती बाळाशी बोलते. मी मराठीत बोलले की बाळ इकडेतिकडे बघतं. आजीनं गोंडीत काही गुणगुणलं की त्याचे हात स्थिर होतात, डोळे तिच्या तोंडावर खिळतात. त्या क्षणी ते पिण्यासाठी तयार असतं. विकास म्हणजे निराळं काही खेळणं आणून करायचा उपक्रम नाही, हे मी आईबापांना पुन्हा पुन्हा सांगते. पाजताना नजर, मालिश करताना बोलणं, झोळीतून काढून थोडा वेळ पोटावर ठेवणं, हात तोंडाकडे जाऊ देणं. मान धरणं, पालथं पडणं, बसणं यातूनच येतं. कमी दिवसाच्या बाळाचं वय मात्र जन्माच्या तारखेपासून धरायचं नाही, दिवस भरले असते त्या तारखेपासून धरायचं. नाहीतर "अजून मान नाही धरली" म्हणून घर उगाच रडतं.

सगळी बाळं अशी सुधारत नाहीत. गोंडपिपरीकडचं एक बाळ आठ महिन्यांचं होऊन आलं. जन्मताच रडलं नव्हतं. अंग कडक, मान मागे, पाठीची कमान. त्याला उताणं झोपवून, मान मागे पडलेली असताना चमच्यानं पेज ओतली जायची, आणि छाती वारंवार भरायची. मान मागे असली की श्वासाची वाट उघडी राहते आणि घास तिकडे घसरतो. आम्ही बुरडाकडून आणलेल्या खोल टोपलीत लुगड्याच्या वळकट्या ठेवून त्याला बसवलं: कंबर आणि गुडघे वाकलेले, खांदे पुढे, हनुवटी किंचित छातीकडे. कमरेत वाकवलं की ती कमान सुटते. पातळ पेजेऐवजी भात-वरण मऊ कालवून, चमच्याच्या टोकावर थोडं थोडं, जिभेच्या मधोमध हलका दाब देऊन. ते बाळ चालेल की नाही, मी सांगू शकत नव्हते आणि सांगितलंही नाही. पण जेवताना ते रडायचं थांबलं. त्याच्या वडिलांनी मला विचारलं, "म्हणजे याले चव कळते?" कळते. तेव्हापासून तेच त्याला भरवायला बसू लागले.

दुभंगलेल्या टाळूची बाळं त्या मानानं सोपी असतात, जर पहिल्याच आठवड्यात कळलं तर. नाकातून दूध येतं म्हणून घर हादरतं. उभं धरून पाजायचं, घाई करायची नाही, मधे मधे ढेकर काढायची, वजन राखायचं, म्हणजे वेळेवर शस्त्रक्रिया होते. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत आहे. त्याच कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आली. तिथल्या चमूत फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असं लिहिलं आहे. त्या 'किंवा'वर माझा आक्षेप आहे. दोघांची विद्या वेगळी आहे, आणि जंगलपट्टीतल्या जिल्ह्यात दोघंही हवेत.

गडचिरोली जिल्ह्यानं देशाला एक गोष्ट आधीच शिकवली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1995 पासून इथल्या 39 गावांत आरोग्यदूत बायकांच्या हातून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली. तिथला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून सुमारे 25 पर्यंत आला. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला, आणि आज आशाताई घरोघरी नवजात बाळ बघायला जाते त्यामागे हे काम आहे. त्या गावांतल्या बायकांना जंतुसंसर्ग ओळखायच्या ज्या खुणा शिकवल्या होत्या, त्यांत एक होती: आधी चांगलं ओढणारं बाळ आता ओढेनासं झालं. दोन खुणा एकत्र दिसल्या की उपचार. चोखणं हे बाळाच्या प्रकृतीचं माप आहे, हे गडचिरोलीतल्या कमी शिकलेल्या बायकांनी प्रत्यक्ष वापरून दाखवलं. मी त्यांच्या पुढचा एवढाच प्रश्न घेऊन फिरते: बाळ जगलं, आता ते नीट पितं का, खातं का, हात वापरतं का? आशाताई गृहभेटींना जातेच आहे. बसून पाजताना बघण्याची पंधरा मिनिटं त्या भेटीत धरली पाहिजेत. तिच्या मानधनातही ती धरली पाहिजेत.

धानोऱ्याची ती आशाताई मात्र आता बघते. परवा तिनं शेजारच्या गावातल्या दुसऱ्या एका बाळाचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, पाच घोटानंतर बोटं पसरवते. ओठ निळा नाही. रडणं जोरात आहे. काय करू?" मी तिला लिहिलं: कुशीवर घ्यायला सांग, हनुवटीला टेकू, पाच घोटांना थांबा, बाळ मागेल तेव्हा पुन्हा. आणि रडणं मंद झालं, अंग गार किंवा ढिलं पडलं, तर माझी वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. तिनं उत्तर पाठवलं, बाळाची आजी पाय लांब करून बसली आहे, गुरुवारच्या गाडीनं तिघींना घेऊन येते.