टावरसाहेबाची बंदूक

गेवराई तालुक्यातील माझ्या आजोळच्या वाड्यात देवघराबाहेरच्या भिंतीवर एक लांब बंदूक टांगलेली असे. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालीत. परवान्यावर 'ठासणीची बंदूक' एवढीच नोंद होती. मामा मात्र तिला रुबाबाने 'रायफल' म्हणत. राक्षसभुवनच्या लढाईत आमच्या मूळपुरुषाने ती 'टावरसाहेब' नावाच्या फिरंग्याच्या हातून हिसकावली, ही घरची कथा. साहेबाचे नाव बंदुकीवरच कोरलेले, तेव्हा शंकेला जागा नव्हती. गोदाकाठी राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथे पडला, हे इतिहासात आहेच. अर्धी कथा खरी निघाली की उरलेली अर्धी आपोआप खरी वाटू लागते.

मामांनी कुलवृत्तांत छापायला घेतला आणि बंदुकीचे प्रकरण माझ्याकडे सोपवले. मला हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेचा काय तो सराव. तीच पद्धत वापरायचे ठरवले.

पहिला पुरावा घोड्याचा. त्याखाली टोपी बसवायची बोंडी होती. १७६३ साली बंदुकीला आग देत ती तोड्याने किंवा गारगोटीने. टोपीची युक्ती एकोणिसाव्या शतकातली. घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, त्याखाली व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे, पुढे १८५९ हे साल आणि त्याखाली 'टॉवर'. हा कोणी साहेब नव्हे. हा लंडनचा किल्ला. टॉवर म्हणजे कारागीरही नव्हे. नळी एकाची, घोडा दुसऱ्याचा, दस्ता तिसऱ्याचा, असे बर्मिंगहॅमच्या छोट्या कारखान्यांतून काम होई आणि सरकारी तपासणीनंतर टॉवरचा शिक्का बसे. खऱ्या कारागिरांची नावे असलीच तर आतल्या अंगाला, नळीखालच्या लाकडात सापडतात. पोथीवर आश्रयदात्याचे नाव ठळक आणि लेखनिकाचे शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, तसेच हे. शिक्का खोटाही असू शकतो. खैबरकडच्या लोहारांनी अशा बंदुकांच्या हुबेहूब नकला केल्या, पण अक्षरांशी परिचय नसल्याने एखादे अक्षर उलटे पडे, स्पेलिंग चुके. लेखनिकाचे प्रमाद शोधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून कोण आनंद झाला! आमच्या बंदुकीवर मात्र तसा प्रमाद नव्हता.

मग नळीच्या तोंडाशी बॅटरी धरली. रायफल म्हणायचे तर नळीच्या आत गोळीला फिरकी देणारे पेच हवेत. आत गुळगुळीत अंधार होता. पेच झिजले असतील, असे आधी वाटले. पण एन्फील्ड रायफलवर शेकडो यार्डांचे आकडे असलेली, उभी करता येणारी नेमाची पट्टी असते; तीही येथे नव्हती. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी बाहेरून एन्फील्डसारखीच दिसणारी, पण आत पेच नसलेली बंदूक मुद्दाम बनवून घेतली. गोऱ्या पलटणींकडे दूरवर अचूक मारा करणारी आणि हिंदी पलटणींकडे ही. अविश्वास असा नळीत ओतलेला मी प्रथमच पाहत होतो. पाठचिकित्सेत गाळलेल्या ओळीही वाचाव्या लागतात. येथे तर गाळलेलेच सर्व काही होते.

ती आमच्याकडे मोमिनाबादेहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून आली असेल, असे लिहिण्याचा मोह झाला. तेथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. पण ती छावणी रिसाल्याची, आणि एवढी लांब बंदूक पायदळाची. मोह आवरला.

प्रश्न मामांना सांगण्याचा होता. मुकुंदराजांचे स्थळ अंबाजोगाई की वैनगंगेकाठचे आंभोरे, हा वाद बीडचा असूनही मी वर्गात तटस्थपणे शिकवतो. ओसरीवर ऐंशी वर्षांच्या माणसासमोर तो तटस्थपणा जमेना.

सारे ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे टावरसाहेब नव्हताच?"

"नव्हता, मामा."

त्यांनी बंदूक उतरवून मांडीवर घेतली आणि नळीच्या तोंडात करंगळी घालून फिरवली. बराच वेळ.

"आपल्या माणसाच्या हातात द्यायची म्हणून पेच पाडले नाहीत?"

"हो."

"हे लिही," ते म्हणाले. "सविस्तर लिही. पण राक्षसभुवनही राहू दे."

मी दोन्ही लिहिले. राक्षसभुवनच्या परिच्छेदाआधी 'अशी आख्यायिका आहे' हे तीन शब्द घातले. मुद्रिते तपासून परत आली, तेव्हा मामांनी तेवढेच तीन शब्द तांबड्या शाईने खोडले होते.